गोटीरामदादांच्या शेतातला बेसबॉल

बेसबॉल पाहायला लोक अमेरिकेला जातात. मी बदलापूरला गेलो. परत आल्यापासून जळगावात जो भेटतो तो आधी हसतो आणि मग विचारतो, "खरंच का हो?" एकेकाला उत्तर देऊन घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आता एकत्र हसावं.

गेल्या डिसेंबरातली, म्हणजे एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी एका शाळेत गणित शिकवतो आणि सुटीच्या दिवशी सॉफ्टबॉलच्या सामन्यांचे गुण लिहितो. आमच्याकडे सॉफ्टबॉल बराच खेळतात आणि तो लिहिता आला की त्याचा थोरला भाऊ बेसबॉलही लिहिता येतो. गुणलेखक म्हणजे मैदानातला सगळ्यात निरुपद्रवी प्राणी, अशी माझी समजूत होती. एका कोपऱ्यात बसावं, पेन्सिलीला टोक करावं, फुकटचा चहा प्यावा.

अशात उल्हासनगरहून एका टेकचंद शेठचं पत्र आलं. पत्र हिंदीत होतं आणि त्यात फारसा गोडवा नव्हता. 'हमारा बेसबॉल लीग है. सीझन का आखिरी मैच है. स्कोर लिखने के लिए बाहर का आदमी चाहिए. यहाँ सब किसी न किसी के साले हैं.' मी दोन दिवसांची रजा टाकली. बायकोनं विचारलं, तिथं पाहण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, ते जाऊन आल्यावर सांगतो.

शुक्रवार : उल्हासनगर, कॅम्प तीन

टेकचंद शेठचा जीन्सचा कारखाना म्हणजे एका दुकानावरचे दोन माळे. खाली शिलाई मशिनं, वर शेठ, आणि मधल्या जिन्यावर कापडाचे ढीग. तिथल्या प्रत्येकाच्या हाताचे तळवे निळे होते. शेठनं हात मिळवला आणि माझाही निळा झाला. तो सोमवारपर्यंत तसाच राहिला.

"आओ साईं, पहले खाओ," असं म्हणून त्यांनी समोर दाल-पकवान ठेवलं. पकवान म्हणजे ताटाएवढी कडक तळलेली पुरी, ती मोडून डाळीत बुडवायची. आमच्या खानदेशात पाहुण्याला जेवायला बसवलं की आग्रहाचा तमाशा होतो, 'घ्या हो', 'नको हो', असा अर्धा तास जातो. इथं विचारत नाहीत. ताट रिकामं दिसलं की भरतात. मी तीन पकवानं खाल्ली आणि चौथ्याला ताटावर आडवा पडलो.

शेठ तरुणपणी सहा वर्षं जपानात, कोबेला, थोरल्या भावाच्या कापडदुकानात होते. तिथून परतताना लोक टेपरेकॉर्डर आणतात. यांनी बेसबॉलच्या बॅटी, चामड्याचे हातमोजे आणि वेड आणलं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर असे तीन संघ काढले आणि प्रत्येक खेळाडूला दर सामन्याला एक जीन्स द्यायला सुरुवात केली. "प्रोफेशनल लीग है मास्तर," ते छाती काढून म्हणाले. व्यावसायिकपणाची याहून स्पष्ट व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. लीगचा एक नियम होता आणि तो कारखान्याच्या भिंतीवर तेलरंगात लिहिला होता: जो तीन सौ मारेगा, वो कोबे जाएगा. भावाच्या गोदामात कायमची नोकरी, राहायला खोली आणि रविवारी तिथल्या बाजाराच्या संघातून खेळणं.

हे तीनशे काय, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फलंदाजाला जितक्या वेळा मारायची संधी मिळाली, त्यांपैकी ज्या वेळी तो स्वतःच्या फटक्यावर पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या ठिकाणी, पोचला, त्या वेळेला 'हिट' म्हणायचं. दहा संधींत तीन हिट म्हणजे तीनशे. पण समोरच्या क्षेत्ररक्षकानं गाढवपणा केला म्हणून पोचला, तर ती त्या क्षेत्ररक्षकाची 'चूक' लिहायची. फलंदाजाच्या खात्यात संधी एक वाढते, हिट नाही. आता हिट की चूक, हे कोण ठरवतं? पंच नाही, कप्तान नाही. कोपऱ्यात चहा पिणारा गुणलेखक ठरवतो.

"पण शेठ, दहापैकी तीन म्हणजे शून्य पूर्णांक तीन," माझ्यातला मास्तर जागा झाला. "तीनशे कसे?"

शेठनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, शून्य पूर्णांक तीन के लिए कोई जपान जाएगा क्या?"

आमच्या शाळेत शंभरात तीस मिळवणारा नापास होतो आणि त्याचा बाप मला भेटायला येतो. या खेळात त्याला विमानात बसवतात. मला हा खेळ आवडायला लागला.

आतापर्यंत तीनशेच्या जवळ कुणी फिरकलं नव्हतं. यंदा एकच जण होता, अंबरनाथचा प्रदीप गायकवाड. नऊ सामने, छत्तीस संधी, दहा हिट. शेवटच्या सामन्यात चार संधी मिळतात. त्यात दोन हिट मारले तर चाळीसात बारा, बरोबर तीनशे.

"मुझे वो लड़का पसंद है," शेठ म्हणाले. "इसीलिए बाहर का आदमी बुलाया. मैं लिखूँगा तो बारा लिख दूँगा."

शनिवार : अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी शेठनं मला मैदानं आणि माणसं बघून यायला पाठवलं. शेअर रिक्षात मी ड्रायव्हरच्या शेजारी चौथा होतो, म्हणजे अर्धा आत आणि अर्धा नगरपालिकेच्या हद्दीत. अंगावर शेठनं भेट दिलेली नवी जीन्स होती, कमरेला दोन इंच मोठी. उतरताना मी एका हातानं पिशवी आणि दुसऱ्या हातानं अब्रू धरली होती.

प्रदीपचं घर औद्योगिक वसाहतीच्या मागच्या चाळीत. दारात त्याची आई सुमनबाई उभ्या होत्या. "जयभीम सर, या. तुम्हीच ना ते लिहिणारे?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत असं पाहिलं, की मी आपोआप ताठ झालो. आत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली प्रदीपच्या पदविकेचं प्रमाणपत्र आणि त्याखाली घडी घालून ठेवलेल्या नऊ जीन्स.

प्रदीप सव्वीस वर्षांचा, लेथवर काम करणारा. सहा महिने काम, मग कंत्राटदार 'ब्रेक' देतो, म्हणजे घरी बसवतो, म्हणजे कायम करायला नको. परत बोलावलं की परत पहिला दिवस. असं सात वर्षं चाललं होतं. "सर, सात वर्षं झाली पण माझी सर्व्हिस कधी सहा महिन्यांच्या वर गेलीच नाय," तो हसत म्हणाला. "कंपनीच्या हिशोबानं मी अजून नवीन पोरगा आहे."

शेठनं त्याला जपानी आकडे शिकवले होते आणि त्यानं ते आईला. सुमनबाई जेवायला वाढताना पोळ्या जपानीत मोजत होत्या. "इची, नी, सान... सानच झाल्या की तुमच्या! अजून एक घ्या." सुकटीची चटणी, वांग्याचं कालवण आणि जपानी आग्रह. आमच्या जळगावच्या वांग्यापुढे ते वांगं काहीच नव्हतं, पण मी चार पोळ्या खाल्ल्या आणि हे बोललो नाही.

संध्याकाळी चाळीमागच्या मोकळ्या जागेत सराव पाहिला. पोरगा मारायचा सुरेख. खांदा वळला की चेंडू गेलाच. पण मारल्यावर तो पळायचा बॅट हातात घेऊन.

बेसबॉलमध्ये मारलं की बॅट टाकायची असते. रिकाम्या हातानं पळायचं आणि चेंडू तिथं पोचायच्या आत स्वतःच्या पायानं बेसला शिवायचं. इथं प्रत्येक जण गल्लीत क्रिकेट खेळून मोठा झालेला. बॅट पुढं टेकवली की आपण पोचलो, हे यांच्या हाडात बसलेलं. प्रदीप तर बेस चार फुटांवर आला की वाकून बॅट सरपटवायचा. "टाक रे ती बॅट!" सुमनबाई भिंतीआडून ओरडायच्या. त्या ओरडल्या की तो टाकायचा आणि परतताना उचलून पुसायचा.

"का सोडत नाहीस?" मी विचारलं.

"समजतं सर. पण हात रिकामे असले ना, की पायच उठत नाय. टेन्शन नका घेऊ, उद्या टाकतो."

निघताना सुमनबाई दारापर्यंत आल्या. माझ्याकडून काहीतरी मागतील, म्हणून मी आधीच तोंड गंभीर केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, खरं असेल ते लिहा. पण नीट बघून लिहा." मला माझ्या त्या गंभीर तोंडाची लाज वाटली.

रविवार : बदलापूर

बदलापूर संघाचं मैदान म्हणजे त्यांच्या कप्तानाचं, गोटीराम भोईर यांचं, कापणी झालेलं भाताचं शेत. गोटीरामदादा पन्नाशीचे, गावात शब्दाला मान असलेले. सामन्याआधी त्यांनी मला शेतात नेलं, म्हणजे आधी चपला बांधावर काढायला लावल्या.

"बगा मास्तर, कुठं येक धसकट दिसतंय काय? सगली खनून काढली. वर फली फिरवली दोनदा. पानी वतलं तर थांबंल, कुठं धावाचं नाय."

खरंच ती जमीन एकसारखी होती. आमच्या शाळेचा फळासुद्धा इतका सपाट नाही. मी तसं म्हटल्यावर ते इतके खूश झाले, की सामन्याआधीच जेवायला घेऊन गेले. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, वालाचं बिरडं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी खाऊन माणूस कामाला लागतो, इथली खाऊन आडवं व्हावंसं वाटतं. दादा स्वतः जीन्स घालून बसले होते, एक पाय पसरून. "हिच्यात मांडी घालाला येत नाय," त्यांनी तक्रार केली. "पन नांगराला बरी. फाटत नाय." गावात बांधावर बसलेला प्रत्येक म्हातारा निळ्या जीन्समध्ये होता. एखाद्या विमानातून पाहिलं असतं तर वाटलं असतं, अमेरिकाच आहे.

बेस म्हणजे जीन्सच्या कापडाच्या उशा, आत कारखान्यातल्या चिंध्या भरलेल्या. पंच म्हणून उल्हासनगरच्या एका शाळेचे पीटीचे सर होते. मी एका टेबलाशी, शेजारी माईक घेऊन शेठ, आणि समोर वही. मी जे लिहीन ते शेठ लगेच माईकवर सांगणार, कारण कोबेला तसंच करतात.

सामना कोण जिंकलं ते विचारू नका. बदलापूर जिंकलं आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळं गाव प्रदीपच्या चार संधी मोजत होतं. एकटे गोटीरामदादा सोडून. त्यांना कारखान्याच्या भिंतीवर काय लिहिलंय त्याचा पत्ता नव्हता. ते तिथं कधी गेलेच नव्हते, जीन्स घरपोच यायची.

पहिल्या संधीला प्रदीपनं चेंडू थेट बांधाच्या दिशेनं मारला. बॅट घेऊनच पळाला, पण आरामात पोचला. हिट. सदतीसात अकरा. मी लिहिलं, शेठनं ओरडून सांगितलं, अंबरनाथहून आलेल्या सुमनबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

दुसऱ्या संधीला चेंडू उंच गेला आणि बदलापूरच्या एका गड्यानं तो नुसत्या हातांनी झेलला. अडतीसात अकरा.

तिसऱ्यांदा चेंडू जमिनीवरून सरपटत गेला, सरळ गोटीरामदादांकडे. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभे असत. चामड्याचा मोजा त्यांनी कमरेला अडकवला होता आणि त्यात तंबाखूची डबी ठेवली होती. चेंडू काही फार जोरात नव्हता. दादा वाकले, हात खाली गेले आणि चेंडू त्यांच्या दोन पायांच्या मधून शांतपणे मागे निघून गेला. प्रदीप पहिल्या बेसवर.

माझी पेन्सिल थांबली. हा काही हिट नव्हता, माझ्या आजीनंही अडवला असता. मी 'चूक' लिहिलं. शेठनं माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि माईकमध्ये पडलेल्या आवाजात म्हणाले, "गोटीराम भोईर, एक चूक."

ज्या माणसाची भाकरी अजून पचली नव्हती, त्याची चूक मी त्याच्या गावात, त्याच्या शेतात, माईकवर वाजवली होती. उल्हासनगरच्या एका सामन्यात चूक लिहिली म्हणून गुणलेखकाची सायकल विहिरीत टाकली होती, असं पीटीच्या सरांनी सकाळीच सांगितलं होतं. पण दादांनी हात वर केला आणि ओरडले, "हां, हां, माजीच!" आणि तंबाखू काढून मळायला लागले. एकोणचाळीसात अकरा.

आता शेवटच्या संधीला हिट हवाच होता. प्रदीपनं दोन चेंडू सोडले, तिसरा मारला. तो डावीकडे आत खोल गेला, क्षेत्ररक्षकानं पळत गाठला आणि पहिल्या बेसकडे फेकला. प्रदीप जिवाच्या आकांतानं पळत होता. पोचणार होता. मी टेबल सोडून उभा राहिलो होतो, निष्पक्ष माणसानं असं करू नये. आणि चार फूट राहिले असताना तो वाकला, हात लांब केला आणि बॅट सरपटवली.

बॅट उशीला टेकली. मग चेंडू आला. मग प्रदीपचा पाय.

"आऊट!" पीटीचे सर ओरडले.

"टेकली की! टेकली!" सगळं गाव उठलं. क्रिकेटमध्ये तो नाबाद होता, यात कुणालाच शंका नव्हती. पण शेठनं माईक हातात घेतला आणि म्हणाले, "बॅट को जपान नहीं जाना है." हे ते हसून बोलले नाहीत.

चाळीसात अकरा. दोनशे पंच्याहत्तर.

सामना संपला. प्रदीप पहिल्या बेसवर तसाच बसून राहिला होता, बॅट मांडीवर. सुमनबाई त्याच्याजवळ गेल्या आणि शेजारी बसल्या. मी वहीतले आकडे तीनदा तपासले. गणिताच्या मास्तराला बेरीज चुकल्याचा आनंद कधी होत नाही, त्या दिवशी झाला असता. चुकली नव्हती.

मग मला एक वाट दिसली. या खेळाच्या नियमात असं आहे, की चेंडू खड्ड्यावर किंवा ढेकळावर आपटून वेडावाकडा उडाला, तर ती क्षेत्ररक्षकाची चूक नाही. जमिनीनं दगा दिला, माणूस काय करणार? तो फलंदाजाचा हिट. तिसऱ्या संधीच्या वेळी चेंडू जरा जरी उडाला असेल, तर माझा निर्णय मला बदलता येत होता. मी थेट गोटीरामदादांकडे गेलो.

"दादा, तुमच्याकडे आला तो चेंडू... मधे काही लागलं का? उडाला का जरासा?"

दादांचं तंबाखू मळणं थांबलं. "कशावर उडाला?"

"म्हणजे एखादं ढेकूळ, खड्डा..."

"मास्तर," ते उभे राहिले, "सकाली जमीन बगितली ना तुमी? माजा हात चुकला. गोटीराम चुकला असं शंभर येला लिवा, बोर्ड लावा टेसनावर. पन माज्या जमिनीला नाव ठेवाचं नाय. माज्या बापानं सपाट केलेली जमीन हाय ती."

प्रदीप तिकडून म्हणाला, "राहू द्या सर. बॅट मीच नाय टाकली." आवाज सरळ ठेवायचा त्याचा प्रयत्न होता, तो साधला नाही.

"ह्या पोऱ्याला काय झायलं?" दादांनी मला विचारलं. "हरले म्हनून रडतंय काय? पुडच्या साली खेलंल."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. भिंतीवरचा नियम, कोबेची नोकरी, कंत्राटदाराचे सहा महिने, चाळीसात बारा. आणि तो एक चेंडू चूक धरला तर अकरा, हिट धरला तर बारा.

"त्या येका बॉलापायी?" दादा म्हणाले. "मंग आदी नाय बोलाचं?"

त्यांनी एकदा प्रदीपकडे पाहिलं, एकदा शेताकडे. मग ते बांधापलीकडच्या खोपटात गेले आणि कुदळ घेऊन आले. गर्दीनं वाट दिली. ते चालत आपल्या जागेवर गेले, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, पाय फाकवून उभे राहिले आणि कुदळ उचलून जमिनीत घातली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा घालताना त्यांनी डोळे मिटले होते. मग टाचेनं माती बाजूला सारली.

"दादा, नको!" प्रदीप उठून धावला. या वेळी बॅट मागेच पडली होती.

"तू गप. पासपोट काड." दादा टेबलाशी आले आणि शेठच्या हातातला माईक घेतला. ते थोडं खाकरले. "आयका. गोटीराम भोईराची जमीन वाकडी हाय. त्या जाग्याला खड्डा हाय, सकालपासून हाय. बॉल खड्ड्यात उसलला." त्यांची बायको बांधावर बसली होती, तिनं कपाळाला हात लावला. गावातलं कुणीही हसलं नाही.

शेठ माझ्याकडे वळले. "मैं तो लिखनेवाला नहीं. लिखनेवाला आप."

मी शेतात गेलो आणि वाकून तो खड्डा तपासला, कारण सुमनबाईंनी नीट बघून लिहायला सांगितलं होतं. माती आतून ओली आणि काळी होती, जेमतेम दोन मिनिटांपूर्वीची. मी टेबलाशी परत आलो, 'चूक' खोडली आणि 'हिट' लिहिलं. शेजारी कारण लिहिलं, जमीन खराब. इतकी वर्षं आकडे लिहितोय, खोटा आकडा हाच एक. मला फार बरं वाटत होतं.

"प्रदीप गायकवाड," शेठ माईकवर म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला, "चालीस में बारा. तीन सौ!"

पुढं काय गोंधळ झाला ते सांगत नाही. सुमनबाई मोठ्यानं रडल्या, पीटीच्या सरांनी शिट्टी फुंकून फुंकून तिचा जीव घेतला, आणि अंबरनाथचे आणि बदलापूरचे खेळाडू प्रदीपला खांद्यावर घेऊन भलत्याच बांधावरून नाचत गेले. मी वही मिटून दादांना शोधायला लागलो, हात जोडावेत म्हणून.

ते त्यांच्या जागेवर होते. त्या घट्ट जीन्समध्ये कसेबसे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती परत खड्ड्यात लोटत होते आणि तळव्यानं थोपटून, मान वाकडी करून, ती सारखी झाली की नाही ते पाहत होते.